माणशी पायली

मनुष्यमात्र समान आहे, हे त्रिकालाबाधित सत्य आमच्या पुणे शहरात ज्यांनी प्रथम आचरणात आणले ते थोर पुरुष म्हणजे आमचे व्याही. वेदान्ती मंडळी हे सत्य पूर्वीपासून जाणून होती. पण पाने मांडली गेली की ती आपला सिद्धान्त पगडीबरोबर खुंटीला टांगून ठेवीत आणि कोण कुठे बसतो ते नीट पाहूनच पाटावर बसत. व्याह्यांनी तो सिद्धान्त खुंटीवरून काढला आणि थेट धान्याच्या मापात ओतला. या महान कार्याला विरोध करणाऱ्यांत त्यांची पत्नी, आळीतले सावकार आणि मी असे तिघे प्रमुख होतो. बाकी त्यांच्याकडे पाहून ते थोर असतील असे कोणाला वाटले नसते. अंगाने किरकोळ, पागोटे कायम डाव्या कानावर कललेले, उपरणे खांद्यावर कमी आणि रस्त्यावर जास्त. बोलताना सर्वांना ‘अहो’ म्हणत. सर्वांना म्हणजे देवळाच्या पायरीवर झोपणाऱ्या कुत्र्यालासुद्धा. “अहो, जरा सरकता का?” असे म्हणून ते थांबत, आणि कुत्रा सरकला नाही तर वळसा घालून जात.

आमची आळी शुक्रवार पेठेत. तिच्या एका टोकाला मारुतीचे देऊळ, त्यापुढे पिंपळाचा पार आणि पारासमोर व्याह्यांचे घर. दुसऱ्या टोकाला आम्ही. मुलगी दिली ती इतक्या जवळ, की सासरी जाताना रडायला पुरेसा रस्तासुद्धा तिच्या वाट्याला आला नाही. लग्नात वरपक्षाने रुसायचे आणि वधूपक्षाने समजूत काढायची, ही आपल्याकडची रीत. त्यासाठी एक शेला, एक चांदीची वाटी आणि समजूत काढण्यात हातखंडा असलेले माझे एक चुलते, अशी सगळी सिद्धता आम्ही करून ठेवली होती. पण सीमांतपूजन झाले, रुखवत झाले, तरी व्याही रुसेनात. स्नानाचे पाणी गार आले तेव्हा हसले. पाट कमी पडला तेव्हा जमिनीवर बसले. आमच्याकडची माणसे हळूहळू घाबरली. जो लहानसहान गोष्टींना रुसत नाही तो शेवटी काहीतरी भयंकर मागतो, असे चुलत्यांचे अनुभवाचे मत होते. अखेर मीच त्यांना बाजूला घेतले आणि म्हणालो, “व्याहीबुवा, आमचं काही चुकलं का? आपण अजून रुसला नाहीत.” त्यांनी क्षणभर विचार केला. “शेला आणून ठेवलाय का?” “हो.” “मग वाया कशाला घालवायचा?” असे म्हणून ते मांडवाच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले. चुलते पुढे सरसावले, त्यांनी घसा साफ केला, आणि ते पहिला शब्द उच्चारणार इतक्यात व्याही “पटलं” म्हणून उठले. शेला त्यांनी सनईवाल्याला देऊन टाकला. चुलत्यांनी त्यांना अखेरपर्यंत क्षमा केली नाही.

त्यांचा सर्वांत मोठा विक्षिप्तपणा असा, की ते कोणालाही कधीही ‘कशाला?’ म्हणून विचारत नसत. एवढेच नव्हे, समोरच्याने आपण होऊन कारण सांगायला सुरुवात केली तर कानांवर हात ठेवत. “कारण सांगू नका. कारण ऐकलं की ते खरं का खोटं हे मला ठरवावं लागतं. मला कोणी न्यायाधीश नेमलेलं नाही.” एकदा एक अनोळखी गृहस्थ दारी येऊन शिडी मागू लागला. व्याह्यांनी शिडी दिली. त्याच शिडीवरून तो गृहस्थ सावकारांच्या माडीवर चढला आणि तांब्याचे घंगाळ घेऊन गेला. शिडी मात्र जागच्या जागी आणून ठेवली. माणूस प्रामाणिक असावा. सकाळी सावकार तणतणत आले. हे सावकार म्हणजे आमच्या आळीचे वैभव. दोन मजली माडी, दारात पहारेकरी, आणि पाच पावलांवरच्या देवळात जातानाही डोक्यावर छत्री धरायला नोकर. “अहो, शिडी कशाला हवी, एवढं विचारायला काय झालं होतं?” ते ओरडले. “विचारलं असतं तर आंबे काढायला, म्हणून सांगितलं असतं त्यानं,” व्याही शांतपणे म्हणाले. “घंगाळ तर गेलंच असतं, वर माझ्यामुळं त्याला खोटं बोलावं लागलं असतं.” त्या दिवसापासून सावकार त्यांच्याशी बोलेनासे झाले. व्याह्यांना हे कळायला बरेच दिवस लागले.

श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी, रमण्यात, श्रीमंत पेशव्यांच्या दक्षिणेचा सोहळा होत असे. गावोगावचे ब्राह्मण आत घेऊन दारे लावीत आणि बाहेर सोडताना एकेकाच्या हातावर दक्षिणा ठेवीत. विद्वानांची परीक्षा घेऊन त्यांना अधिक देत. सगळे जातात म्हणून व्याहीही एकदा गेले. परीक्षक शास्त्रीबुवांनी विचारले, “आपला अभ्यास काय?” हे म्हणाले, “विशेष काही नाही.” “मग दक्षिणा कशाबद्दल?” “आलो त्याबद्दल. गाडीचा बैल दारात आला तर त्याला वैरण घालता की नाही? त्याला कुठं संध्या म्हणायला लावता?” अर्थात त्यांना सर्वांत कमी दक्षिणा मिळाली. घरी येऊन ते पारावर बसले आणि तीन दिवस त्याचाच विचार करत राहिले. “मला एक सांगा,” ते मला म्हणाले, “ज्याला घनपाठ येतो त्याला भूक जास्त लागते का हो? आणि दाराबाहेर एक मडकी विकणारा उभा होता. त्याला कोणी आत घेतला नाही. बरं, दारं लावली तरी त्याचं पोट काही लागलं नाही. ते उघडंच.” मी म्हणालो, “सरकारचा खजिना म्हणजे काही पाणपोई नव्हे, कोणीही यावं आणि प्यावं. पात्रता पाहायलाच हवी.” “पात्रता पाहणाऱ्याला दक्षिणा किती मिळते?” त्यांनी विचारले. मला ते ठाऊक नव्हते, म्हणून मी विषय बदलला.

हे सगळे मी गंमत म्हणून पाहत असे. गंमत पाहायला पोट भरलेले लागते, हे मला पुढे कळले. मी एका सरदारांच्या पदरी कारकून होतो. सरदारांच्या हत्तीची अंबारी जुनी झाली होती, आणि दसऱ्याच्या स्वारीत दुसऱ्या एका सरदारांची अंबारी नवी असणार, अशी बातमी आली. तेव्हा आमच्या अंबारीला चांदीचा पत्रा चढवायचे ठरले आणि त्या खर्चासाठी कारकून कमी करायचे ठरले. हत्ती कमी करावा असे कोणाच्या मनात आले नाही. कारकुनावर अंबारी चढवता येत नाही, ही त्यातली अडचण होती. आम्हाला निरोपाचे विडे देण्यात आले. विडा उत्तम होता.

घरी मी काही बोललो नाही. रोज सकाळी पागोटे चढवून, कलमदान काखेला मारून निघायचो, नदीकाठी जाऊन बसायचो आणि दिवस कलला की दमल्यासारखा परत यायचो. आमच्या कुटुंबाला पहिल्याच दिवशी कळले, आळीला दुसऱ्या दिवशी. पुण्यातली आळी असूनही कोणी टोमणा मारला नाही, यावरून माझी दशा किती कठीण दिसत असावी याचा वाचकांनी अंदाज करावा. घरात धाकटी मुले होती आणि कणगीत हात घातला की तळ लागत होता. आणि मदत करायला सर्वांत जवळचे जे घर, तेच आम्हाला बंद होते. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचे अन्न घ्यायचे नाही, पाणीसुद्धा प्यायचे नाही, ही आमच्या घराची रीत. आणि मुलीच्या लग्नाला तर अजून वर्षही झाले नव्हते. तिला सगळे दिसत होते. एका शनिवारी ती पदराखाली झाकून मोठी वाटी भरून आमटी घेऊन आली. तिच्या आईने ती वाटी हातात न घेताच परत केली. “तुझ्या तात्यांचं जेवण झालंय.” “काय जेवले?” मुलीने विचारले. “तू आपल्या घरी जा बाई,” आई म्हणाली. मुलगी डोळे पुसत गेली. या वेळी तिला तेवढा रस्ता पुरला.

सोमवारी वाघोलीहून बाजरीच्या गाड्या आल्या. तिथे व्याह्यांची इनाम जमीन होती. गाड्या दर वर्षी येत आणि त्यांच्या दारात रिकाम्या होत. या वेळी त्या पारापाशीच थांबल्या. पारावर घोंगड्या पसरून बाजरीची रास घातली गेली आणि व्याही हातात पायली, म्हणजे चार शेरांचे ते माप, घेऊन राशीशेजारी उभे राहिले. “अहो आळीकर,” त्यांनी हाक दिली, “आजपासून दर सोमवारी माणशी एक पायली. तान्ह्याला एक, म्हाताऱ्याला एक, बाईला एक, बुवाला एक. का म्हणून तुम्ही विचारायचं नाही. कशाला म्हणून मी विचारणार नाही.” घराच्या खिडकीतून विहीणबाईंचा आवाज आला, “आणि घरच्या माणसांनी काय करायचं?” “घरच्यांनाही माणशी पायली.” “म्हणजे मी आता रांगेत उभी राहू?” “राहा की. पण तुमच्या पुढं गवई आहे.” खिडकी लागली. गवई खरोखरच पहिला होता. त्याच्यामागे घरोघर दळण दळणारी एक विधवा बाई, तिच्यामागे कासार, आणि शिंप्याची पोरे. ज्यांच्या घरी चार भांडी बरी होती ते दाराच्या फटीतून पाहत राहिले. त्यांत आम्हीही होतो.

दुपारी मी व्याह्यांना गाठले. “व्याहीबुवा, तुमचा हेतू चांगला असेल, पण आम्हाला हे चालायचं नाही. मुलीच्या घरचं धान्य…” “माझ्या घरचं कुठं?” ते म्हणाले. “शेतातनं गाडीत, गाडीतनं पारावर. माझ्या उंबऱ्याला ते शिवलेलं नाही. म्हणून तर गाड्या तिथं थांबवल्या. पार मारुतीचा आहे. मारुतीच्या घरी कोणी मुलगी दिल्याचं तुमच्या ऐकिवात आहे का?” मी आळीतल्या शास्त्रीबुवांकडे जाऊन निर्णय मागितला. अशा प्रश्नांवर ते एरवी पंधरा दिवस पोथ्या उलटत. पण त्यांच्या घरात लहानमोठी माणसे पुष्कळ होती, त्यामुळे आधार लगेच सापडला: कच्चे धान्य, देवाच्या दारी, उंबरा न ओलांडलेले, दोष नाही.

शास्त्र मोकळे झाले, पण आमचे कुटुंब होईना. “सावकार घेणार आहेत का?” तिने विचारले. “त्यांना काय गरज?” “मग गरज आहे त्यांनीच घ्यायची ना? म्हणजे पायली घेऊन आळीतनं चालले की माझ्या कपाळावर लोकांनी वाचावं, यांच्या घरी चूल थंड आहे म्हणून. ज्या दिवशी सावकार घेतील, त्या दिवशी मी घेईन. तोपर्यंत मुलं कण्या खातील.” विद्वानांनी ग्रंथ लिहावेत असा मुद्दा तिने कण्या निवडता निवडता मांडला आणि सूप आपटून संपवला. मी तो व्याह्यांना सांगितला, तोही अशा समजुतीने, की यावर यांच्याकडे उत्तर नसेल. ते म्हणाले, “त्या बरोबर बोलल्या. सगळ्यांनी घेतली तर पायली. काहींनीच घेतली तर भीक. सावकारांनी घेतलीच पाहिजे.”

आता आमच्या घरची भाकरी सावकारांच्या हाती होती, आणि सावकारांना हे ठाऊक नव्हते. दुसऱ्या सोमवारी व्याह्यांनी भरलेली पायली स्वतः उचलली आणि सावकारांच्या दारी गेले. सगळी आळी ओट्यांवर. सावकार माडीच्या कठड्याशी आले. “हे काय?” “तुमची पायली.” “मला गरज नाही.” “गरज कोणी विचारली?” “अहो, लोक काय म्हणतील?” “लोक म्हणतील, सावकारही माणूसच आहेत. इतके दिवस त्यांना खात्री नव्हती.” सावकार आत गेले. तो सोमवार गेला. आमच्या घरी त्या आठवड्यात कण्याही सरत आल्या. धाकटा “भाकरी कधी?” म्हणून विचारी आणि त्याची आई “होईल” म्हणे. मुलगी पाणी भरायला जाताना आमच्या दारावरून सावकाश जाई, पण आत येत नसे.

तिसऱ्या सोमवारी व्याही पुन्हा गेले; या वेळी बरोबर शास्त्रीबुवा आणि गवई. “सावकार, पायली आणली आहे.” “नको म्हणून सांगितलं ना एकदा?” “बरं,” व्याही म्हणाले आणि आळीकडे वळले. “शास्त्रीबुवा, तुम्ही साक्षीला आहात. सावकारांनी आपला पायलीवरचा हक्क आज सोडला.” ते चार पावले गेले असतील. माडीवरून आवाज आला, “थांबा!” सावकार धावतच खाली आले, छत्रीवाला मागून धावला. “हक्क सोडला असं मी कुठं म्हणालो?” “नको म्हणालात.” “नको म्हणणं निराळं. हक्क सोडणं निराळं. आमच्या सात पिढ्यांत कोणी हक्क सोडलेला नाही.” “मग घेणार?” सावकारांनी घाम पुसला. “घेणार. आणि मागच्या दोन सोमवारांची बाकी?”

अशा रीतीने सावकार रांगेत आले. पायली घरपोच मिळणार नाही, सर्वांना पारावरच मिळते, असे व्याह्यांनी सांगितल्यामुळे त्यांना कासार आणि दळणवाली यांच्या मधोमध उभे राहावे लागले. ऊन वर आले होते. छत्रीवाल्याने सवयीने छत्री धरली आणि तिची सावली नेमकी दळणवाल्या बाईवर पडली. “राहू द्या हो,” ती छत्रीवाल्याला म्हणाली, “बरं वाटतंय.” ते पाहून आमच्या कुटुंबाने डोक्यावरचा पदर सारखा केला, पिशव्या घेतल्या, आणि ती आळीच्या मधून, कोणाकडे न पाहता, पारापर्यंत चालत गेली. व्याह्यांनी मापे भरून दिली. त्या दुपारी आमच्या चुलीचा धूर कौलांतून वर गेला, तेव्हा आळीच्या त्या टोकाला मुलगी दारात उभी राहून तो पाहत होती. आतून विहीणबाईंनी दोनदा हाक मारली तरी ती हलली नाही.

आता या व्यवस्थेचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर हे व्यक्तिचित्र न राहता भाटाचा पोवाडा होईल. पहिला दोष गवई. पूर्वी तो पोटासाठी गात असे, तेव्हा त्याला काही दिले की तो थांबत असे. आता पोटाची चिंता मिटल्यामुळे तो आनंदासाठी गाऊ लागला, आणि त्याला थांबवण्याचा कोणताच उपाय आळीकडे उरला नाही. दुसरा दोष दळणवाली. ती सावकारांच्या घरी भल्या पहाटे दळायला जात असे. एके दिवशी तिने निरोप पाठवला, की मी आता उजाडल्यावर येईन आणि दळणाचे थोडे जास्त घेईन. सावकारीणबाई म्हणाल्या, “मग नको येऊस.” आणि ती खरोखरच गेली नाही. चार दिवस सावकारीणबाईंनी स्वतः जाते ओढले. पाचव्या दिवशी बाईला उजाडल्यावर बोलावणे गेले. “बाया माजल्या!” सावकार पारावर येऊन गरजले. “माजल्या नाहीत हो,” व्याही म्हणाले, “जेवल्या.” आणि तिसरा दोष मी. व्याह्यांची बाजरी खाऊन मला इतकी तरतरी आली, की मी रोज संध्याकाळी पारावर बसून त्यांच्याविरुद्ध वाद घालू लागलो. फुकट मिळाले की माणूस आळशी होतो. ज्याला नको त्याला देणे म्हणजे उधळपट्टी. आणि धान्य काही आकाशातून पडत नाही. ते मान हलवत ऐकून घेत. “वा! महिनाभरापूर्वी तुमच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. बाजरी मानवली.”

यातच माझ्या सरदारांच्या दिवाणांचा निरोप आला. दसरा पार पडला होता, हिशेब तुंबले होते, तेव्हा जुन्या कारकुनांनी अर्ध्या पगारावर परत यावे. पूर्वीचा मी असतो तर पागोटे घालायलाही थांबलो नसतो. मी निरोप्याला म्हणालो, “बघतो.” आयुष्यात मी तो शब्द वरिष्ठांपुढे प्रथमच उच्चारला. साधा शब्द आहे, पण तो तोंडातून निघायला घरात माणशी पायली लागते. मी बघत राहिलो, आणि दोन महिन्यांत रविवार पेठेतल्या एका रेशमाच्या व्यापाऱ्याकडे पूर्ण पगारावर लागलो. हे मी पारावर कबूल केले नाही. तिथे मी विरोधीच राहिलो.

शेवटी ही व्यवस्था मोडली तीही माझ्याच एका मुद्द्याने. मी एकदा म्हणालो, “व्याहीबुवा, माणशी पायली म्हणता, मग वाघोलीची माणसं माणसं नाहीत का? ज्यांनी पिकवलं त्यांना नाही, आणि आमच्या गवयाला?” त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघे गाडी जोडून वाघोलीला गेलो. त्यांनी कुळांना जमवले आणि दर सोमवारच्या पायलीची योजना सांगितली. एक म्हातारा कुणबी सगळे ऐकून घेऊन म्हणाला, “धनी, ही बाजरी आमच्याच रानातली हाय न्हवं?” “हो.” “आन् ती पुण्याला न्हेऊन आमास्नी हितं माघारी देणार?” “हो.” “मग न्हेता कशापायी?” व्याह्यांनी गाडी जोडायला सांगितली. परत येताना येरवड्यापाशी आम्ही नदी उतरलो. गाडी पलीकडे चढली तेव्हा ते म्हणाले, “तुम्ही जिंकलात. पण सावकार ज्या दिवशी रांगेत उभे राहिले, तो दिवस काही खोटा नव्हता.” पुढच्या सुगीपासून त्यांनी कुळांकडून घ्यायचा वाटा इतका कमी केला, की गाड्यांऐवजी एकच गाडी आली आणि ती घरापुरती झाली. विहीणबाईंनी मारुतीला नारळ फोडला. सावकारांनी मात्र, हा हक्क कोणाच्या परवानगीने बंद झाला, म्हणून वर्षभर तक्रार केली.

पुढे मुलीला मुलगी झाली, आमची अन्नपाण्याची बंदी सुटली, आणि त्यांच्या घरी जेवताना एकदा मी त्यांना विचारलेच. “व्याहीबुवा, खरं सांगा. वाटी परत गेली शनिवारी. गाड्या आल्या सोमवारी. तुम्ही हे सगळं आमच्यासाठी केलंत का?” त्यांनी ताटातून मान वर केली. “एका कारकुनासाठी सगळ्या आळीला धान्य घालू? अहो, स्वतःची किंमत जरा आवरा.” आणि ते आमटी वाढून घ्यायला लागले. समोर वाढायला उभी असलेली माझी मुलगी एकाएकी आत निघून गेली. मी पुन्हा विचारले नाही.

ते गेले त्याला आता पुष्कळ दिवस झाले. कोणी उपकार केले की ते फेडावेत किंवा निदान विसरावेत, म्हणजे माणूस मोकळा होतो. त्यांनी दोन्हीची सोय ठेवली नाही. त्यांच्या दहाव्याला सगळी आळी नदीवर जमली होती. गवई होता, दळणवाली लांब घाटाच्या पायरीवर बसली होती, सावकार छत्रीसह आले होते. पिंड ठेवला गेला आणि आम्ही मागे सरून कावळ्याची वाट पाहू लागलो. गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, आणि मग कोणीतरी पुढे होऊन ती पुरी करण्याचे वचन द्यावे लागते, हे सर्वांना ठाऊक होते. त्यांची इच्छा काय असणार, हेही सर्वांना ठाऊक होते. कावळा येईना. हळूहळू सगळे माझ्याकडे पाहू लागले, आणि ते योग्यच होते. त्या आळीत माझ्याइतके देणे कोणाचेच नव्हते. डोळ्यांत पाणी आले असताना मी एक पाऊल पुढे टाकले, हात जोडले आणि काय वचन द्यावे याचा विचार करू लागलो. माणशी पायली काही मला झेपली नसती. अधोली, म्हणजे अर्धी पायली, जमेल का, ते पाहिले. मग शेर पाहिला. मी अर्ध्या शेराच्या मापट्यापर्यंत आलो होतो, तेवढ्यात कावळा शिवला.